आखातात प्लॅनिंगची नोकरी: पीएमपीचे पैसे आत्ता भरू का?

फर्मागुडीच्या कॉलेजातून सिव्हिल करून तू चार वर्षं रस्ते-पुलांच्या साइटवर आहेस. आता अबूधाबी किंवा मस्कतला प्लॅनिंग इंजिनियर (कामांचं वेळापत्रक बांधणारा) म्हणून यायचं मनात आहे. पणजीतला क्लासवाला म्हणतो, आधी पीएमपी, म्हणजे पीएमआय संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, कर, नोकरी आपोआप मिळेल. ‘ताई, पैसे भरू का?’ असं तू विचारलंस. भर, पण आत्ता नको. आणि त्या भरवशावर राजीनामा तर मुळीच देऊ नकोस. इथे आखातात मुलाखतीत जे विचारतात त्यातलं बहुतेक तुला गोव्यात साखळीहून रोज ज्या साइटवर जातोस तिथेच शिकता येईल.

पीएमपी वाईट नाही. अबूधाबीत बऱ्याच जाहिरातींत ते मागतात आणि पुढे मॅनेजर व्हायचं तर उपयोगी पडतं. पण ते मुळात प्रकल्प चालवलेल्या माणसासाठी आहे. पदवीधराला ३६ महिने प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. काही अर्ज पडताळणीसाठी निवडतात, तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्याकडून लिहून आणावं लागतं. दुसऱ्याने सांगितलेलं काम साइटवर करून घेणं त्यात धरता येईल का, हे अर्ज भरण्याआधी स्वतःला विचार. शिवाय त्या परीक्षेचा मोठा भाग माणसं सांभाळणं आणि अ‍ॅजाइल पद्धती (छोट्या टप्प्यांत, बदल सामावत काम करणं) यांवर असतो. प्रायमावेरा हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर त्यात कोणी शिकवत नाही. पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवून ते जिवंत ठेवावं लागतं. आत्ताच काही हवं असेल तर त्याच संस्थेचं कॅपम हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे, त्याला अनुभवाची अट नाही.

प्लॅनरची किंमत ठरते ती त्याच्या शेड्यूलवरून. मी मुलाखत घेते तेव्हा उमेदवारासमोर एक तयार प्रोग्राम (कामाचं वेळापत्रक) उघडून ठेवते आणि यात काय चुकलंय ते सांग म्हणते. प्रमाणपत्रं असलेली कितीतरी मुलं तिथे अडतात. ज्याच्यापुढे काही जोडलेलंच नाही अशी अ‍ॅक्टिव्हिटी, जबरदस्तीने खिळवलेली तारीख, कारण न देता घातलेला लॅग (दोन कामांमध्ये सोडलेला वेळ), महिनोन् महिने लांब एकच बार (कामाची पट्टी), हे डोळ्यांना खटकलं पाहिजे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डीसीएमएची चौदा तपासण्यांची यादी आहे, ती पाठ करण्यापेक्षा समजून घे. त्यात लॉजिक, म्हणजे मागचं-पुढचं नातं, तुटलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि किमान ९० टक्के नाती ‘एक संपलं की दुसरं सुरू’ या प्रकारची असावीत असं धरलं आहे.

एक उदाहरण घे. तुझ्या साइटवर एखादं कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) असेलच. त्याचा स्लॅब ओतला आणि गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरहून मोठा असेल, तर साधं सिमेंट वापरल्यास आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे टेकू १४ दिवस काढता येत नाहीत. बहुतेक जण हे १४ दिवस लॅग म्हणून टाकतात. प्रायमावेरा तो लॅग सेटिंगप्रमाणे, सहसा मागच्या किंवा पुढच्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या कॅलेंडरवर मोजतं. कॅलेंडरात रविवार बंद आणि चवथीची सुट्टी असेल, तर १४ चे १८-१९ दिवस होतात आणि पुढचं सगळं विनाकारण सरकतं. काँक्रीटला चवथीची सुट्टी नसते. म्हणून तो काळ वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी करून सातही दिवसांच्या कॅलेंडरवर ठेवायचा. मातीकामाला मात्र जून ते सप्टेंबर बंद असलेलं पावसाळी कॅलेंडर द्यायचं. अबूधाबीत आल्यावर हीच विद्या कामाला येते: १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्याने बंद, रमजानमध्ये रोजचे तास दोनने कमी. गोव्याचा पाऊस ज्याने प्रोग्राममध्ये नीट बसवला, त्याला हे जड जात नाही.

दुसरं, हिंडरन्स रजिस्टर (अडथळ्यांची नोंदवही) लिहायचं काम मागून घे. विजेचे खांब हलले नाहीत, पाण्याची लाइन मध्ये आली, जमीन ताब्यात मिळाली नाही, हे तारखेसकट लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण मुदतवाढ मिळते ती त्या जोरावर. आखातात अनेक करार फिडिक या इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्यांच्या धर्तीवर असतात. त्यांच्या १९९९ च्या रेड बुक या नमुन्यामध्ये काम सुरू करण्याची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत सविस्तर प्रोग्राम द्यावा लागतो. अडथळा कळल्यापासून २८ दिवसांत क्लेमची नोटीस गेली नाही, तर वाढीव मुदतही गेली आणि पैसेही. ते २८ दिवस प्लॅनरच मोजत असतो. या विषयाला मी प्रमाणपत्रापेक्षा जास्त मान देते, कारण इथे लोकांचे पगार त्यावर अवलंबून असतात.

कागदपत्रांना आजच लाग. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर थांबला असशील तर ताळगावला विद्यापीठातून मूळ पदवी काढून घे. ओमान, बहरीन, सौदी यांना अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का) चालतं. अमिरात, कतार, कुवेत यांना राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशी शिक्क्यांची साखळी पुरी करावी लागते. सौदीत वर इंजिनियर्स कौन्सिलची नोंदणी आहे. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघ. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागितले की उठून यायचं.

ऑफर आली की एकूण आकड्यावर भाळू नकोस, बेसिक किती ते आधी बघ. अमिरातीत ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची आणि त्यापुढे ३० दिवसांची. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवलेल्या ऑफर मी खूप पाहिल्या आहेत. घरभाडं कंपनी देणार की तू, हेही लिहून घे.

तोवर त्या कल्व्हर्टचा प्रोग्राम स्वतः बनव. कंपनीची फाइल नको, तुझी तू केलेली, शंभरेक अ‍ॅक्टिव्हिटीची पुरे. मला प्रायमावेराची एक्सईआर फाइल पाठव. पीडीएफ पाठवू नकोस, त्यात लॉजिक तपासता येत नाही.