नमुना कुणी घेतला?

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवा रात्री वाचला. बारा शेतकऱ्यांच्या शेंगदाण्याचे बारा नमुने. अकरांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे ते बुरशीचं विष, सापडलंच नाही आणि बाराव्यात किलोला 180 मायक्रोग्रॅम. गाइड म्हणतात, हा आउटलायर आहे, बाकीच्यांत न बसणारा आकडा, काढून टाक आणि पुढे चल. तू विचारतेस, काढू का? आणि त्याच दमात विचारतेस की हा विषयच सोडून मेटाजिनोमिक्सकडे, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए एकदम वाचण्याकडे वळू का, कारण बरोबरच्या सगळ्या तिकडे गेल्या आणि तू अजून दाणे दळत बसली आहेस.

उत्तर देण्याआधी माझाच एक प्रश्न आहे. नमुना कुणी घेतला?

तुझ्या मेलमध्ये विष मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा कॉलम कुठला, रिकव्हरी किती टक्के, ग्राफ कुठल्या सॉफ्टवेअरवर काढला, सगळं आहे. नमुन्यांबद्दल एकच वाक्य आहे: ‘नमुने गोळा करण्यात आले.’ कुणी गोळा केले? कुणाच्या घरातून? एका पोत्यातून की पाच पोत्यांतून? पोत्याच्या तोंडाशी होते ते दाणे, की तळाचे, ओल लागलेले? या कर्मणी प्रयोगाचा मला फार जुना राग आहे. आपल्या क्षेत्रातली निम्मी पापं त्याच्यामागे लपतात.

लहानपणापासून आपण ऐकत आलो, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ते लागू पडतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शेंगदाण्याचं पोतं तसं नसतं. हजारो दाणे निर्मळ असतात आणि एखाद्याच दाण्यात बुरशी घर करते: वाळवीने किंवा हुमणीने शेंग पोखरलेली, किंवा काढणीआधी शेवटचे तीन-चार आठवडे पाणी तुटून दाणा सुरकुतलेला. एकेका दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या दराने विष मोजलं गेलंय, 1966 मध्येच. अर्ध्या ग्रॅमचा तसा एक दाणा घे. त्यात 500 मायक्रोग्रॅम विष झालं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, पुढच्या प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्याची मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तो एकटा दाणा 33 किलो माल मर्यादेवर नेऊन ठेवतो. सहासष्ट हजार दाण्यांत एक.

आता तुझ्या पिशव्यांकडे बघ. तू पाव किलोच्या पिशव्या म्हणतेस, म्हणजे पिशवीत साधारण पाचशे दाणे. हजारात एक दाणा वाईट आहे असं धरलं, तर तो तुझ्या पिशवीत नसण्याची शक्यता साठ टक्के आहे. माल खराब असूनही साठ टक्के वेळा तुला शून्यच दिसणार. मग संशय कुणाचा घ्यायचा? गाइड बाराव्या पिशवीकडे बोट दाखवतात. मला त्या अकरा शून्यांची भीती वाटते. आणि तू जी सरासरी काढलीस ती बरोबर 15 येते, मर्यादेला टेकलेली. बारांतल्या एकाही घरात तो आकडा नाही. अकरा घरं आपल्या दृष्टीने अजून तपासायचीच आहेत, आणि एका घरात मर्यादेच्या बारापट विष आहे.

तुझ्यावर चिडत नाहीये. चिडतेय ती 1987 मधल्या एका मुलीवर.

तेव्हा मी 26 वर्षांची होते आणि एका तालुक्यातल्या भुईमुगाची अफ्लाटॉक्सिनसाठी पाहणी माझ्याकडे आली होती. त्या वेळी एचपीएलसी कुठलं, आम्ही काचेच्या पट्टीवर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करायचो. अंधाऱ्या खोलीत पट्टी यूव्ही दिव्याखाली धरायची. निळा ठिपका चमकला तर बी प्रकारचं अफ्लाटॉक्सिन, हिरवट चमकला तर जी, ब्लू आणि ग्रीनवरूनच ती नावं पडली. मला ती खोली फार आवडायची. शेतावर मात्र मी गेले नाही. ‘बाईमाणूस कशाला उन्हातान्हात एसटीचे धक्के खात जायचं, आमचा माणूस आणून देईल नमुने,’ असं वरिष्ठ म्हणाले आणि मला ते बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू. माणूस गेला, चाळीस पिशव्या घेऊन आला. अडतीस स्वच्छ निघाल्या. अहवाल गेला, पेपर छापून आला: या भागातला भुईमूग सुरक्षित आहे.

तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच बाजाराच्या यार्डात गेले. एका अडत्याच्या गाळ्यापुढे सात-आठ बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. सूप पाखडलं की हलका, सुरकुतलेला दाणा तोंडाशी येतो. तो त्या करंगळीने बाजूला ओढायच्या, बघायच्यासुद्धा नाहीत, बोटांनाच कळायचं. एकीच्या बाजूला निवडलेल्या दाण्यांची पाटी होती, गुलाबी, टपोरे, एकसारखे. दुसऱ्या बाजूला गोणपाटावर छाटण: काळपट, किडलेले, काहींवर पिवळसर हिरवी बुरशी. मी विचारलं, ‘हे कुठं जातं?’ ती म्हणाली, ‘कुठं जाणार? घाण्याला. न्‌ थोडं आमी नेतो घरी, कुटाला.’

तेवढ्यात मापारी आला. मी लॅबमधली आहे हे कळल्यावर खुश होऊन म्हणाला, ‘तुमच्या माणसाला आम्ही नेहमी निवडलेलाच माल दिलाय बाई. लॅबला खराब माल देऊन गावाचं नाव कशाला घालवायचं?’

तो अभिमानाने सांगत होता. मी तिथेच एका पोत्यावर बसले.

माझे चाळीस नमुने त्या पाटीतले होते. मी जे खरं तपासायला हवं होतं ते गोणपाटावर होतं. तिथून ते घाण्याच्या तेलात जात होतं, तेल काढल्यावर पेंडीत उरत होतं, पेंडीतून गाईच्या पोटात आणि तिच्या दुधात एम1, म्हणजे त्याच विषाचं दुधातलं रूप, होऊन उतरत होतं, आणि त्या बायकांच्या घरी भाजीतल्या कुटात पडत होतं. मी परत येऊन लेखी कळवलं की अहवालात दुरुस्ती करायला हवी. उत्तर मिळालं, अहवाल सादर झालाय, जुनं कशाला उकरता? मी गप्प बसले. माझं वय 29 होतं, नोकरी कायम व्हायची होती. तो पेपर अजून लोक संदर्भाला घेतात. दर वेळी कुणी घेतला की मला त्या बाईची करंगळी दिसते.

म्हणून विचारते, नमुना कुणी घेतला?

तुला वाटेल, बाई एका जुन्या प्रसंगाला धरून बसल्यात. मग 1974 चं बघ. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात मका भिजला आणि तसाच साठवला गेला. आदिवासी घरांत माणसं कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन मरू लागली. 397 जणांना बाधा झाली, 106 गेले. त्या घरांतली कुत्रीसुद्धा तशाच लक्षणांनी मेली, कारण ती तेच खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे लोक तिथे गेले आणि लोकांच्या घरातला, लोक प्रत्यक्ष खात होते तो मका त्यांनी तपासला. किलोला सहा ते पंधरा मिलिग्रॅम विष निघालं. मिलिग्रॅम, मायक्रो नव्हे. बाजारातल्या दुकानातून मका मागवला असता तर काय दिसलं असतं? कुत्र्यांचं तर कळलंही नसतं. ते कळायला दारात उभं राहावं लागतं.

आता तुझा मेटाजिनोमिक्सचा प्रश्न. कर ना. कोण नको म्हणतंय? मी यंत्रांच्या विरुद्ध नाही, हे इतक्यांदा सांगूनही विभागात माझ्याबद्दल तेच बोललं जायचं. पण निवडलेल्या पाटीतल्या दाण्यांचा डीएनए काढलास तर तुला निवडलेल्या पाटीचाच सूक्ष्मजीवसंसार कळेल, फक्त मी 1987 मध्ये केली ती चूक कितीतरी पट महाग पडेल. आणि ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’, हे विष करणारी बुरशी, सापडली म्हणजे विष सापडलं असंही नाही, हे तुला माहीत आहे. तिचे कितीतरी स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, विष करतच नाहीत. याच गोष्टीवर आफ्रिकेत अफ्लासेफ उभं राहिलं. आयआयटीए या आफ्रिकेतल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत रणजित बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष न करणारे स्ट्रेन ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर चढवले आणि ते शेतात फेकले, म्हणजे ते विषारी स्ट्रेनची जागा अडवतात. सगळे याला जैवतंत्रज्ञानाचं यश म्हणतात आणि ते आहेच. पण ते स्ट्रेन आले कुठून? ज्या देशात वापरायचे त्याच देशाच्या शेतांतून. नायजेरियाचे वेगळे, केनियाचे वेगळे. प्रत्येक देशात आधी कुणीतरी पिशव्या घेऊन बांधाबांधाने फिरलं. उद्या आपल्या काळ्या मातीतला असा स्ट्रेन हवा असेल तर तो डीएनए वाचणाऱ्या सीक्वेन्सरच्या पोटात नाही. तो त्या बाराव्या शेतकऱ्याच्या शेजारच्या वावरात असू शकतो.

मी हे सगळं इतकं ठासून का सांगते, त्यामागे माझं स्वतःचं एक गणित आहे, तेही ऐक. त्या यार्डातल्या दिवसानंतर मी एक नियम केला: जो नमुना मी किंवा माझ्या विद्यार्थ्याने स्वतः घेतला नाही, त्याच्या निकालावर मी सही करणार नाही. एका मोठ्या प्रकल्पात पाकीटबंद नमुने टपालाने यायचे होते. मी नाही म्हटलं. प्रकल्प दुसऱ्याला गेला, बढती चार वर्षं लांबली. 31 वर्षांच्या नोकरीत माझे 19 पेपर आहेत. आजकाल तेवढे मुलं पीएचडी संपेपर्यंत लिहितात. निवृत्तीच्या कार्यक्रमात एक सहकारी म्हणाले, बाईंच्या हट्टापायी विभाग मागे राहिला. असेल. मी उत्तर दिलं नाही, पण आज तुला देते. त्या 19 मधल्या 17 पेपरांतला प्रत्येक नमुना कुठल्या घरातला, कुठल्या तारखेचा, पोतं जमिनीवर होतं की फळीवर, हे मी आज वह्या उघडून सांगू शकते. त्यातल्या एकाही आकड्याने मला रात्री उठवलेलं नाही. मी हळू काम केलं ते आळसाने नाही. मी एकदा झटपट करून पाहिलं होतं.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. प्रवासाला पैसे मिळत नाहीत, फेलोशिप वेळेवर येत नाही, सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर आहे आणि गाइडना दुखवून चालत नाही. एसटीत बायकांना आता अर्धं तिकीट आहे, 1987 मध्ये नव्हतं, एवढं तरी धर. गाइडशी भांडू नकोस. त्यांना साठ टक्क्यांचं गणित कागदावर करून दाखव. ते वैज्ञानिक आहेत, आकडा समोर आला की ऐकतील. नाहीच ऐकलं तर बारावा आकडा तक्त्यात राहू दे आणि खाली लिही की तो वगळण्याचं कारण आम्हाला सापडलं नाही. पण पुसू नकोस. पुसलेलं परत लिहिता येत नाही, मला विचार.

कामाचं सांगते. त्या बाराव्या पिशवीतले उरलेले दाणे फेकले नसतील तर आजच उणे वीसला ठेव. कुणाला दळू देऊ नकोस. मग त्या घरी जा, तू स्वतः. पाव किलो नाही, पाच किलो माल घे, आणि एका पोत्यातून नाही. घरात असतील तेवढ्या पोत्यांतून, तोंडाचा, मधला, तळाचा, थोडा थोडा. निवडलेला आणि छाटलेला वेगळ्या पिशव्यांत. पाचही किलो पूर्ण दळ, पाणी घालून त्याची स्लरी कर आणि मग त्यातून चाचणीपुरतं काढ. आधी पंचवीस ग्रॅम दाणे उचलून ते दळणं म्हणजे पुन्हा तेच शीत. वहीत वाण लिही, शेवटचं पाणी कधी दिलं ते लिही, शेंगा कुठं वाळवल्या, अंगणात की डांबरी रस्त्यावर, रात्री झाकल्या का, तेही लिही. बाकीच्या अकरा घरांतही असंच जायचंय. खरिपाचा भुईमूग सप्टेंबर-ऑक्टोबरात निघेल, तोवर तुझ्याकडे वेळ आहे. गुडघे ठीक असले तर दोन-तीन गावांना मी तुझ्याबरोबर येईन.

आणि त्या बाराव्या घरात मालकाशी बोलून झालं की लगेच निघू नकोस. आत चुलीपाशी जी बाई असेल तिच्याजवळ बस, चहा घे. निवडून बाजूला काढलेल्या दाण्यांचं काय केलं हे तिलाच विचार. आणि घरात दुभतं जनावर असेल तर त्याला पेंड कुठली घालतात आणि ते दूध घरात कोण पितं, एवढं नक्की विचारून ये.

तुझी,
बाई