अमिगा संगणकाच्या हार्डडिस्कवर कोणत्या डिरेक्टरीने किती जागा खाल्ली, ते एका नजरेत कसं दिसेल?

डिरेक्टरी ओपस ४ (फायली हाताळायचा प्रोग्रॅम) असेल तर मुख्य ड्रॉवर (अमिगावर डिरेक्टरीचं दुसरं नाव) निवडून ‘गेटसाइझेस’ चालवा, प्रत्येकाचा आकार नावाशेजारी दिसतो. ते नसेल तर शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘लिस्ट डीएच०:गेम्स ऑल’ (List DH0:Games ALL; डीएच० म्हणजे हार्डडिस्क) द्या, आतल्या सगळ्या ड्रॉवरांसकट एकूण ब्लॉकचा आकडा शेवटी येतो. असं प्रत्येक ड्रॉवरचं करून दर १,००० ब्लॉकला एक तारा मांडला (एक ब्लॉक ५१२ बाइट्सचा, म्हणजे एक तारा ५०० केबी), की आलेख तयार, उदाहरणार्थ:

गेम्स ****
वर्क *
लिब्ज **

मला तर हा ताऱ्यांचा आलेखच जास्त आवडतो, छापून डिस्कसोबत ठेवता येतो. मात्र नुसत्या बाइट्सच्या बेरजेवर विसंबू नका. प्रत्येक फाइलला हेडरचा (तिची माहिती ठेवणारा) एक ब्लॉक वेगळा लागतो, आणि जुन्या ओएफएस या फाइल सिस्टिममध्ये डेटाच्या ब्लॉकात ४८८ बाइट्सच मावतात. म्हणजे ५०० बाइट्सचं आयकॉन तिथे तीन ब्लॉक घेतं, नंतरच्या एफएफएस फाइल सिस्टिममध्ये दोन. बारीक फायलींनी भरलेला ड्रॉवर म्हणूनच दिसतो त्याहून जड असतो. डिस्कवर एकूण खरी किती जागा गेली, ते शेलमधली ‘इन्फो’ ही आज्ञा सांगते.