आधी पक्षी मोज, मग बाजू घे

बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, 'उत्पत्ती'तला जलप्रलय बॅबिलोनचा की ग्रीकांकडून आलेला, या वादात उतरण्याआधी एक काम कर. 'गिल्गमेश' या बॅबिलोनी महाकाव्याची 11वी मातीची पाटी आणि 'उत्पत्ती'चा 8वा अध्याय शेजारी ठेवून वाच. पाणी ओसरलं का ते बघायला गिल्गमेशमधला प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तिम आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, शेवटी कावळा. 'उत्पत्ती'तला नोहा कावळ्यापासून सुरुवात करतो आणि पुढे कबुतर. इतकं बारीक साम्य योगायोगाने येत नाही. 1872 मध्ये अभ्यासक जॉर्ज स्मिथने ही पाटी वाचली तेव्हा लंडनभर खळबळ उडाली.

शब्दांच्या साम्याला मात्र भुलू नकोस. हिब्रू 'तेहोम' (खोल पाणी) म्हणजे बॅबिलोनची समुद्रदेवी तिआमतच, असं अजूनही कुणीतरी ठोकून देतं. तेहोममधला 'ह' अक्कदीतून, म्हणजे बॅबिलोनच्या भाषेतून, उसना येणं कठीण. दोन्ही शब्द एकाच जुन्या सेमिटिक मुळाचे, म्हणजे सख्खी नव्हे, चुलत भावंडं. (आणि मनूचा मासा कृपा करून लगेच मध्ये ओढू नकोस.)

ग्रीक बाजूला संशोधक रसेल गमर्किन भेटेल. 2006 मध्ये त्याने मांडलं की तोरा ('उत्पत्ती' धरून बायबलची पहिली पाच पुस्तकं) इ.स.पू. 273-272च्या सुमारास रचली गेली आणि बॅबिलोनी पुरोहित बेरोससचं ग्रीक पुस्तक ती रचणाऱ्यांच्या हाताशी होतं. वाचायला झकास, पण मला पटत नाही. गिल्गमेशचा एक तुकडा इस्राएलमधल्या मेगिद्दोला सापडलाय, गमर्किनच्या तारखेच्या हजारेक वर्षं आधीचा. अर्थात त्यात पूर नाही, गिल्गमेशचा मित्र एन्कीडूचं मरण आहे, तेव्हा तोही पुरावा म्हणून जपूनच वापर.