ऑपरेशन सिंहस्थाआधी की नंतर?

पंचवटीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. पावसाळ्यात रामकुंडाच्या पायऱ्यांवरून घसरल्या. एमआरआयमध्ये उजव्या घोट्याची दोन्ही पेरोनिअल टेंडन (घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारे, स्नायू हाडाला जोडणारे दोर) उभी फाटलेली निघाली. पट्टा झाला, फिजिओथेरपी झाली, सूज काही उतरत नाही. ऑपरेशनचा अंदाज १ लाख ६० हजार. पडण्याआधी पाच महिने त्यांनी ३ लाखांची मेडिक्लेम काढली होती, पण एजंट म्हणाला, 'दोन वर्षं क्लेम बसत नाही.' म्हणून त्यांनी ठरवलंय, सिंहस्थात धंदा करायचा आणि २ लाखांची एफडी पिकली की ऑपरेशन.

ताई, एवढं थांबू नका. ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो हे खरं, पण अपघातातून आलेल्या क्लेमला तो लागू होत नाही. पॉलिसीच्या 'अपवाद' या भागात तसं छापलेलं असतं, स्वतः वाचा. माझी काळजी वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या केसपेपरवर फक्त 'घोटा दुखतो' एवढंच आहे, पडल्याचा उल्लेखच नाही. कंपनी ही जुनी झीज आहे म्हणू शकते. त्या डॉक्टरांकडून पडल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं पत्र घ्या, जे घडलं तेवढंच. रूम निवडताना भाड्याची मर्यादाही बघा. ती ओलांडली की बाकीच्या बिलातही कपात होते.

आता एफडी. ती ऑपरेशनसाठी नको, घरासाठी ठेवा. साधारण सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये नाहीतर बुटात जाईल, आणि दिवसभर तव्यापुढे उभं राहायला चार ते सहा महिने लागू शकतात. तुमच्या हिशेबात हे महिने कुठेच धरलेले नाहीत, आणि मदतनीस बाईंचा पगार तर तेव्हाही द्यावा लागणार. एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय, घ्या. वापराल तेवढ्यावरच व्याज, तेही एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त.

सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या गर्दीत रोज दहा तास याच पायावर उभं राहायचं? फाटणं थोडं असेल तर टेंडन शिवता येतं. जास्त असेल तर शेजारच्याला जोडतात, आणि दोन्ही निकामी झाली तर दुसरीकडचं आणून बसवावं लागतं. मग खर्चही वाढतो, महिनेही. किती थांबता येईल हे सर्जनलाच विचारा, पण कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याच्या) पूर्वमंजुरीचा अर्ज या आठवड्यातच भरा. नकार आला तर तो लेखी मागा आणि मला पाठवा.