अलेंडे अशनीतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे आकडे खरे आहेत की यंत्राचा दोष, हे आयन प्रोबवर (आयनांचा झोत मारून नमुन्यातील समस्थानिक मोजणाऱ्या यंत्रावर) कसे ओळखावे?

अशनीतील खनिजाच्या आधी आणि नंतर, त्याच सत्रात, समस्थानिकांचे गुणोत्तर ठाऊक असलेले त्याच जातीचे पार्थिव खनिज (ऑलिव्हिनसाठी बहुधा ॲरिझोनातील सॅन कार्लोसचे) मोजावे. त्याचे आकडे नेहमीच्या त्रुटीपलीकडे सरकले असतील, तर मधली मोजणी ग्राह्य धरू नये. यंत्रामुळे होणारे विचलन त्रिसमस्थानिक आलेखावर (आडव्या अक्षावर ऑक्सिजन-१८, उभ्या अक्षावर ऑक्सिजन-१७, दोन्ही ऑक्सिजन-१६ च्या तुलनेत) सुमारे ०.५२ उताराने सरकते, तर १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या अलेंडेतील कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त समावेशांचे (अशनीत रुतलेल्या वेगळ्या खनिज-तुकड्यांचे) बिंदू सुमारे ०.९४ उताराच्या रेषेवर बसतात, त्यामुळे दोहोंची गल्लत सहसा होत नाही. अपवाद ऑक्सिजन-१७ चा: जवळपास तेवढ्याच वस्तुमानाच्या हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-१६ व हायड्रोजन) शेजारच्या संकेत-शिखराची शेपटी त्यात मिसळली, की बिंदू सरळ वर चढतो. आयनांच्या झोताने पडलेला मोजणीचा खड्डा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच. तो भेगेवर पडला असेल, तर कितीही सुबक दिसणारा आकडा टाकून द्यावा.