वाचक विचारतात: पाऊस येण्यापूर्वीचे तीन आठवडे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत: सुट्टी संपत आली, ऊन कमी होत नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून काही करायचे राहूनच गेले. त्यांतील चार पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: आम्ही मांजलपूरला राहतो. आम्हां दोघांच्याही नोकऱ्या असल्यामुळे यंदा मुलांना कुठेच नेता आले नाही. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे. शाळा उघडायला जेमतेम तीन आठवडे उरले आहेत, पारा बेचाळिसापर्यंत चढतो आणि मुले दिवसभर मोबाइलवर असतात. फारसा खर्च न करता, बडोद्यातच राहून सगळ्यांनी मिळून काय करता येईल?

प्रवास राहून गेल्याची खंत आपल्या पत्रात ओळीओळीत जाणवते. ती बाजूला ठेवावी असे मी मनापासून सुचवेन. महाबळेश्वर दिवाळीतही असते आणि नाताळातही. परंतु काही गोष्टी अशा आहेत, की त्या बडोद्याच्या याच कडक उन्हात होतात आणि पहिला पाऊस पडला की पुढच्या वर्षापर्यंत हातच्या जातात. उरलेल्या दिवसांत आधी त्या कराव्यात.

पहिली गोष्ट छुंद्याची, कारण तिला दिवस लागतात आणि म्हणून ती येत्या रविवारीच सुरू करायला हवी. बडोद्याच्या मराठी घरांत साखरांब्याच्या शेजारी छुंद्याची बरणी असतेच. साखरांबा चुलीवर होतो आणि छुंदा उन्हावर, त्यामुळे मुलांच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येईल असा हा पदार्थ आहे. सकाळी लवकर खंडेराव मार्केटमध्ये मुलांना घेऊन जावे आणि कडक, आंबट, राजापुरी कैऱ्या त्यांनाच निवडू द्याव्यात. साले काढून किसलेल्या एक किलो किसाला मीठ-हळद चोळून थोडा वेळ ठेवावे, सुटलेले पाणी जास्त वाटल्यास थोडे काढून टाकावे आणि मग सव्वा ते दीड किलो साखर मिसळून ते स्टीलच्या पातेल्यात भरावे. पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे आंबटाला चालत नाही, हेही मुलांना कारणासकट सांगावे. पातेल्याच्या तोंडाला पातळ मलमल बांधून ते रोज गच्चीवर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी घरात आणायचे आणि दिवसातून एकदा कोरड्या चमच्याने ढवळायचे.

साखर पूर्ण विरघळून पाक एकतारी व्हायला साधारणपणे आठ-दहा दिवस लागतात. शेवटी तिखट आणि भाजून भरडलेले जिरे घालावे. बारा वर्षांच्या मुलीने रोज त्याच वेळी पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार कितपत येते हे वहीत लिहावे, आणि सात वर्षांच्या मुलाने मलमल सोडण्या-बांधण्याचे काम स्वतःकडे घ्यावे. उन्हाने पाणी उडते आणि उरलेले पाणी साखर धरून ठेवते, म्हणून छुंदा वर्षभर टिकतो, ही गोष्ट पुस्तकातून समजण्यापेक्षा बोटांना अधिक नीट समजते. हवेत दमटपणा आला की हाच कीस बुरसतो, आणि म्हणून यासाठी जूनच्या मध्यापर्यंत थांबता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहूनही दुर्मिळ आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या गावांवरून सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावरून जातो आणि त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. बडोद्यात हा शून्य सावलीचा दिवस ३ जूनच्या आसपास येतो आणि पुन्हा ९ जुलैच्या आसपास येतो. जुलैत आभाळ भरलेले असते, त्यामुळे आपल्याला खरा मिळतो तो जूनचाच. मध्यान्ह मात्र घड्याळाच्या बारा वाजता नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि बडोदे त्याच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावर येतो.

गच्चीवर पांढरा कागद पसरून त्यावर सरळ बाजूंची एखादी बाटली किंवा डबा ठेवावा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या कडेवर पेन्सिलीने खूण करावी. काठी उभी करणार असाल तर ती ओळंब्याने तपासून घ्यावी, कारण किंचित कललेली काठी सावली दाखवतेच. डोक्यावर टोपी आणि हाताशी पाण्याची बाटली ठेवून ही पाऊण तासाची कामगिरी चौघांनी मिळून पार पाडावी. मोबाइल मुलांच्या हातून हिसकावण्याऐवजी त्या दिवशी तो वेळ पाहण्यासाठी आणि छायाचित्रांसाठी त्यांच्याकडेच द्यावा.

आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक ग्वाल्हेरला आणि इंदूरला आहेत, आणि हा प्रयोग खरा रंगतो तो त्यांच्यामुळे. इंदुरात हाच दिवस आपल्यानंतर तीन-चार दिवसांनी येतो. ग्वाल्हेर २६ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तेथे सावली कधीच नाहीशी होत नाही. ३ जूनला ग्वाल्हेरच्या मामाला किंवा मावसभावाला तेथील मध्यान्हीला, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास, एक मीटर उंचीच्या काठीची सावली मोजायला सांगावे. ती साधारण ७ सेंटिमीटर भरेल, आणि कोनमापकाने तो त्रिकोण कागदावर काढला तर कोन ४ अंशांच्या जवळपास येईल. पृथ्वीच्या वर्तुळावर बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंतचा तुकडा एवढ्याच कोनाचा असतो. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे असे ९० भाग. बडोदे आणि ग्वाल्हेर यांच्यातील सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४३० किलोमीटर. त्याला ९० ने गुणले की ३८,७०० येतात, आणि पृथ्वीचा प्रत्यक्ष परीघ ४०,००० किलोमीटर आहे. दोन गच्च्या, दोन काठ्या आणि एक फोन एवढ्यावर आपली मुलगी पृथ्वी मोजू शकेल, याहून मोठी सहल मला तरी सुचत नाही.

या दोन कामांभोवती रोजचा दिवस मांडावा. सकाळी सहाला कमाटीबागेत जावे. हिला कागदोपत्री सयाजीबाग म्हणतात, पण घरात आपण कमाटीबागच म्हणतो. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी घडवली आणि १८९४ मध्ये तिच्यात संग्रहालयाची इमारत उभी राहिली. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्या जाड भिंतींच्या आत दुपार काढावी. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांच्यापुढे सात वर्षांचा मुलगा किती वेळ उभा राहतो ते पाहावे आणि त्याला घाई करू नये. संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात मोठ्यांनी मुलांबरोबर हुतुतू खेळावा. या खेळाचे नियम १९२३ मध्ये आपल्याच बडोद्यात, हिंद विजय जिमखान्यात, नव्याने लिहिले गेले. तेव्हा त्यावर बडोद्याच्या मुलांचा हक्क इतरांहून थोडा अधिकच आहे.

प्रश्न: मी दांडिया बाजारात राहणारा पंचाहत्तर वर्षांचा आजोबा आहे. पुण्याहून दोन आणि परदेशातून एक अशी तीन नातवंडे पंधरा दिवसांसाठी आली आहेत. माझ्या गुडघ्यांमुळे मला फार फिरता येत नाही. परदेशातील नातीला मराठी समजते, पण वाचता येत नाही. माझ्यासारख्याने त्यांच्याबरोबर काय करावे?

आजोबा, आपल्याकडे जे आहे ते तरुण आईबापांकडे नाही, आणि ते म्हणजे घराची आठवण. आपल्या भागातील अनेक जुन्या घरांप्रमाणे आपल्या ट्रंकेतही मोडीतले काही कागद असतील, तर ते बाहेर काढावेत. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरे त्या रेघेखाली, लेखणी शक्य तितकी न उचलता, एका ओघात लिहितात. ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद मोडीत नसतो, त्यामुळे शुद्धलेखनाला घाबरणाऱ्या मुलांना ही लिपी फार आवडते. देवनागरी वाचू न शकणारी नात आणि पुण्याची भावंडे येथे एकाच पायरीवर येतील, कारण मोडी तिघांनाही नवी आहे. प्रत्येकाने स्वतःचे नाव मोडीत लिहायला शिकावे, एवढे उद्दिष्ट पंधरा दिवसांना पुरेसे आहे. आपल्यालाही मोडी येत नसेल तर वर्णमालेचा तक्ता मिळवून चौघांनी बरोबरच शिकावी. नातवंडांना आजोबांबरोबर विद्यार्थी होण्यात जो आनंद मिळतो तो मी स्वतःच्या घरात पाहिला आहे.

दुपारी पडदे ओढून पत्त्यांचा डाव मांडावा. बदाम सात आणि झब्बू हे दोन्ही खेळ सात ते सत्तर या सगळ्या वयांना पुरतात, आणि परदेशातील नातीचे मराठी बोलणे डावात भांडतानाच सर्वांत लवकर सुटेल. तिच्या चुका मात्र कोणी मध्येच दुरुस्त करू नयेत, असे पुण्याच्या मुलांना आधीच बजावून ठेवावे.

एक दिवस रिक्षा करून कीर्तिमंदिरात जावे. तेथील चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चित्रे काढली: गंगावतरण, महाभारताचे युद्ध, मीराबाईचे जीवन आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या नाटकातील नटीर पूजा. आदल्या रात्री या चारही गोष्टी आपण आपल्या शब्दांत सांगून ठेवाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुले चित्र पाहताना गोष्ट शोधू लागतील आणि आपल्याला खुर्चीवर बसून ऐकत राहता येईल. घराजवळचा तांबेकर वाडाही त्याच तऱ्हेने दाखवावा.

प्रश्न: एका रविवारी दोन कुटुंबे मिळून गाडीने बाहेर जाण्याचा विचार आहे. लहान मुले बरोबर आहेत. पावागड बरा, की महीच्या काठी जावे?

मही आणि विश्वामित्री या दोन्ही नद्यांच्या पाण्यात मुलांना उतरवू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. महीत वरून उथळ दिसणाऱ्या पात्रात खोल डोह असतात आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. मगर पाहायचीच असेल तर ती पुलावरून पाहावी.

पावागडला जायचे असेल तर पहाटे पाचला निघावे आणि अकराच्या आत परतीच्या वाटेला लागावे. इतक्या वेळात गड आणि पायथ्याचे चांपानेर ही दोन्ही ठिकाणे होत नाहीत, म्हणून मुले लहान असताना मी चांपानेर निवडेन. २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेलेले हे गाव आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे, तेथील जामा मशिदीच्या दगडी जाळ्यांतून सकाळचे ऊन आत येते तेव्हा फरशीवर नक्षी पडते, आणि गोल जिन्याची विहीर मुलांना वरून दाखवण्यासारखी आहे. इतकेही लांब नको असेल तर शहराच्या पश्चिमेला सेवासीची १५४३ मधील वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. पायऱ्यांवरून एकेक मजला खाली पाहत गेले की विहिरींभोवती माणसे उन्हाळा कसा काढीत असत, हे मुलांना समजावून सांगता येते.

बरोबर पन्ह्याची आणि साध्या पाण्याची वेगवेगळी बाटली असावी. एखादे मूल एकाएकी गप्प झाले, डोके दुखते म्हणू लागले किंवा त्याला मळमळू लागले, तर सहल तेथेच थांबवून सावलीत बसवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि घोट घोट पाणी द्यावे. अंग तापले असून मूल बरळू लागले किंवा गुंगीत गेले, तर त्याच्या तोंडात काही घालू नये आणि अंग गार करीत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

प्रश्न: मी अकरा वर्षांची आहे. आमच्या घरी रोज पहाटे एक पक्षी ओरडतो आणि त्यामुळे आजी म्हणते की पाऊस येणार. तो कोणता पक्षी आहे?

तुझी आजी बहुधा पावशाबद्दल बोलते आहे. आवाज "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असा आणि दर वेळी अधिकाधिक चढत जाणारा असेल, तर तो पावशाच. रंगाने करडा आणि दिसायला ससाण्यासारखा असल्यामुळे तो दिसला तरी चटकन ओळखू येत नाही. याच दिवसांत चातकही येतो: काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला. तो आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने आपल्याकडे येतो. हे दोन्ही पक्षी स्वतःचे घरटे बांधत नाहीत आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, म्हणून तुझ्या अंगणात कलकलाट करणारा सातभाईंचा थवा असेल तर त्याच्यावर लक्ष ठेव.

आजीबरोबर पहाटे गच्चीवर बस आणि वहीत तीन रकाने आख: पावशा पहिल्यांदा ऐकला तो दिवस, चातक पहिल्यांदा दिसला तो दिवस आणि पहिला पाऊस पडला तो दिवस. तिन्ही तारखा भरल्या की मला पोस्टकार्डावर कळव; मी त्या पुढच्या अंकात छापीन.