स्कॉट्सडेलला घर घ्यायचंय? आधी जुलैत दुपारी चार वाजता बघून या

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची नोकरी अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला शिफ्ट होतेय, फेब्रुवारीत येऊन शेजारच्या नॉर्थ स्कॉट्सडेलमधली चार-पाच घरं बघितली, दोघंही प्रेमात पडलात, तर वाळवंटात कायमचं राहणं जमेल का आणि घर घेताना काय बघावं. फेब्रुवारीत बघितलं म्हणता ना, घोळ तिथेच आहे. फेब्रुवारीतलं स्कॉट्सडेल म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बसलेलं स्थळ, खाली मान घालून गोड बोलणारं. संसार कसा होणार ते जुलैत कळतं.

मी मूळचा जळगावचा, त्यामुळे उन्हाचं मला कोणी सांगू नये असा माझा माज होता. आधी तीन वर्षं चॅंडलरला, फिनिक्सच्याच दुसऱ्या उपनगरात, भाड्याने राहिलो आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इथे स्कॉट्सडेलला घर घेतलं (नोव्हेंबर! म्हणजे तुमचीच चूक मी आधी करून ठेवलीय). पहिल्या उन्हाळ्यात माज उतरला. पारा जळगावलाही ४५ ला जातो, पण तिथे जूनच्या मध्याला ढग येतात, पाऊस पडतो, सुटका होते. इथे मे मध्ये सुरू झालेलं प्रकरण ऑक्टोबर उजाडला तरी संपत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होतं, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे, आणि पुढच्या वर्षी सलग ११३ दिवस १०० च्या खाली कमाल तापमान आलंच नाही. जुलैत थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी येतं, आंघोळीला वेगळा गीझर कशाला लावायचा असा विचार येतो. स्कॉट्सडेलचा उत्तर भाग जरा उंचावर आहे म्हणून खालच्या फिनिक्सपेक्षा काही डिग्री कमी असतं, ब्रोकर हे तुम्हाला दहा वेळा सांगेल आणि ते खरंय, पण ११४ च्या जागी १०९ झालं म्हणून कोणी स्वेटर घालत नाही.

आता घराचं. आपले लोक इथे आले की पहिला प्रश्न, दार पूर्वेला आहे का, ईशान्येला काय आहे. विचारा, माझी काही हरकत नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागचं अंगण कुठल्या दिशेला आहे आणि मोठ्या काचा कुठे आहेत. इथले जुने लोक नॉर्थ-साउथ एक्सपोजर असलेल्या, म्हणजे पुढची-मागची बाजू उत्तर-दक्षिण असलेल्या घराला जास्त पैसे मोजतात त्यामागे वास्तुशास्त्र नाही, शुद्ध ऊन आहे. मागचं अंगण उत्तरेला असेल तर उन्हाळ्यात दुपारी पॅटिओवर, म्हणजे मागच्या ओट्यावर, घराची सावली पडते. पश्चिमेला असेल तर ब्रोकर "सनसेट व्ह्यू" म्हणून तेच घर महाग दाखवतो. आमचं पश्चिमेचं आहे. डोंगराआड सूर्य जाताना जे दिसतं ते खरंच असं असतं की फोटो काढून काढून फोन भरतो, पण मे ते सप्टेंबर तो सूर्यास्त आम्ही पडदे ओढून आत बसून "बघतो". पॅटिओच्या सरकत्या दाराचं ॲल्युमिनियमचं हॅंडल पाच वाजता उघड्या हाताने धरून बघा एकदा, तव्याला सांडशीशिवाय हात लावल्यासारखं. शेवटी बाहेरून उन्हाच्या जाळ्या, म्हणजे सनस्क्रीन, बसवल्या, मोटरवाल्या, बरेच पैसे गेले. म्हणून म्हणतो, ऑफर देण्याआधी एक चक्कर जुलैत मारा, दुपारी चारला, आणि त्या घरात अर्धा तास नुसतं बसा. नसेल जमत तर निदान होकायंत्र घेऊन जा.

मग छत. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. इथल्या बऱ्याच घरांवर कौलं असतात, काँक्रीटची किंवा मातीची, आणि ती दिसायला पन्नास वर्षं तशीच राहतात. पण पाणी अडवतं ते कौल नाही, त्याच्या खाली अंथरलेला फेल्टचा थर, त्याला अंडरलेमेंट म्हणतात. या उन्हात तो थर भाजून भाजून वीस-पंचवीस वर्षांत पापडासारखा होतो. वरून कौलं ठणठणीत, खाली चाळण. आमचं घर १९९८ चं, इन्स्पेक्टरने लिहिलं होतं "कौलं चांगल्या स्थितीत", आम्ही खूश, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका वादळी पावसात मुलाच्या खोलीत टपटप सुरू झालं. सगळी कौलं उतरवून, नवीन थर टाकून, तीच कौलं परत चढवायची, म्हणजे कोकणात घर शाकारतात तसंच, फक्त बिल २२ हजार डॉलर. तर घर वीस वर्षांपेक्षा जुनं असेल तर थर कधी बदललाय ते विचारा, आणि साध्या होम इन्स्पेक्टरवर न थांबता छताचा माणूस वेगळा बोलवा. ऑफर स्वीकारल्यावर तपासणीला साधारण दहा दिवस मिळतात, ते दहा दिवस सुट्टी काढून वापरा. विकणाऱ्याने भरून द्यायचा एक लांबलचक फॉर्म असतो, एसपीडीएस, सगळे त्याला "स्पड्स" म्हणतात, त्यात गळती, वाळवी, विंचू, सगळं विचारलेलं असतं, तो रात्री शांतपणे वाचा.

एसी एक नसतो, मोठ्या घराला दोन किंवा तीन असतात, प्रत्येकाचं वय विचारा. आमचा वरच्या मजल्याचा एकदा जुलैत शनिवारी संध्याकाळी गेला. होम वॉरंटीवाल्यांना, म्हणजे घरातलं काही बिघडलं की दुरुस्तीला माणूस पाठवणाऱ्या कंपनीला, फोन केला तर ती बाई अगदी प्रेमाने म्हणाली मंगळवारी माणूस येईल. रात्री दहाला वर ९५ फॅरनहाइट झालं होतं, मुलं दिवाणखान्यात फरशीवर ओली चादर घेऊन झोपली, मला आजोळची वाळ्याची ताटी आठवली. रविवारी खाजगी माणूस बोलावला, तो पंधरा मिनिटांत एक कपॅसिटर बदलून गेला, डबी मुठीएवढी. तेव्हापासून एक जादा डबी गॅरेजमध्ये ठेवलेली असते, पण लावायला माणूसच बोलवा, त्यात करंट साठलेला असतो. विजेचे प्लॅन वेळेप्रमाणे असतात, आमच्याकडे चार ते सात महाग, म्हणून दुपारी आधीच घर थंडगार करून ठेवायचं आणि ते तीन तास एसीला हात लावायचा नाही, कुकर-ओव्हनही नाही. सासूबाई आल्या की हे नियम मोडतात, तो वेगळा विषय.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. इथलं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीतून ३३६ मैलांच्या कालव्याने येतं. शहराच्या हद्दीतल्या घराला लगेच काही होणार नाही, पण पत्त्यात नुसतं "स्कॉट्सडेल" लिहिलंय म्हणून घर शहरात आहे असं समजू नका. रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे, पत्ता स्कॉट्सडेलचा, हद्द काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची. तिथे अनेक घरांना टॅंकरने पाणी यायचं, टॅंकर शहराच्या पाण्याने भरायचे, आणि १ जानेवारी २०२३ ला शहराने सांगितलं आता आमचं पाणी आमच्या लोकांना. पाचशेच्या आसपास घरं, त्यातली कितीतरी आलिशान, आणि लोक कागदी प्लेटमध्ये जेवायला लागले, पावसाचं पाणी बादल्यांत साठवून फ्लशला वापरायला लागले. झालं कसं, तर नवीन वसाहत काढणाऱ्या बिल्डरला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते असा इथला कायदा, पण जमिनीचे पाच किंवा कमी तुकडे केले तर ती वसाहत धरली जात नाही, मग पाच-पाच तुकडे करत करत गाव उभं राहिलं. पुढे त्यांची सोय झाली, पण मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, म्हणेल टॅंकर बघायला अमेरिकेला गेलात होय. तर पाणी कोणाचं, बिल कोणाचं, हे ऑफरच्या आधी.

आणि लॉट मोठा दिसतो त्याला भुलू नका. आमचा पाऊण एकरचा आहे, मी मनात वांगी, मिरच्या, कढीपत्ता सगळं लावूनही टाकलं होतं. कागद हातात आल्यावर कळलं की त्यातला मोठा तुकडा एनएओएस आहे, म्हणजे नैसर्गिक मोकळी जागा म्हणून कायमचा राखीव. जमीन माझी, टॅक्स मी भरतो, पण तिथलं झुडूपही मनाला येईल तसं उपटायचं नाही. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे पटेचना, "अरे सातबारा तुझ्या नावावर ना, मग?" शेवटी तिला म्हटलं सातबाऱ्यावर इतर हक्कात कॅक्टसचं नाव आहे असं समज. खरं सांगायचं तर आता मला तो तुकडाच घरापेक्षा जास्त आवडतो. त्यात एक सग्वारो कॅक्टस आहे, दोन हात फुटलेला, आणि या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास ते शंभर वर्षं लागतात म्हणजे तो आमच्या आजोबांच्या वयाचा असणार. त्याच्या अंगात सुतार पक्ष्याने भोक पाडून घर केलंय, पहाटे कोल्ह्यासारखे कायोटी जातात, संध्याकाळी हावेलिना, दिसायला रानडुकरासारखे, पिल्लं घेऊन येतात आणि कुंड्या फस्त करतात. एप्रिलमध्ये पालो व्हर्दे फुलतं तेव्हा सगळा रस्ता पिवळा, बहावा फुलल्यासारखा. शेजारी मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह आहे, ३० हजार एकरांहून मोठं, शहरानेच लोकांनी मत देऊन लावलेल्या करातून जमीन घेऊन राखलंय. इथे महाग आहे ते हेच. रस्त्यावर दिवे मुद्दाम कमी ठेवलेत, रात्री अंगणातून तारे दिसतात. ज्यांना हे नको असतं आणि शाळा, देशी किराणा, मुलांचे मित्र जवळ हवे असतात त्यांनी सरळ चॅंडलर-गिल्बर्ट बघावं, आपली मंडळी तिकडेच जास्त आहेत, गणपतीला मलाही तासभर गाडी हाकून जावं लागतं.

विंचू आहेत. बार्क स्कॉर्पियन, पिवळट, बोटाएवढा, अमेरिकेतला सगळ्यात विषारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे त्याचं बिऱ्हाड आपल्या कंपाउंडच्या ब्लॉकमध्ये असतं. रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की हिरवा चमकतो, मुलांना हा प्रकार फार आवडतो, बायकोला नाही. बूट झटकून घालायचे, घराच्या फटी सील करून घ्यायच्या, सवय होते. घर बघायला रात्री टॉर्च घेऊन गेलात तर ब्रोकर वेड्यात काढेल, जा तरी.

एचओए म्हणजे आपली सोसायटीच, फक्त सेक्रेटरीकाका चहाला येत नाहीत, पत्र येतं. काही ठिकाणी दोन असतात, एक मोठी आणि तिच्या पोटात एक छोटी, दोन्हींची मासिक वर्गणी विचारा. रंग, दगड, झाडांची जात, कचऱ्याचा डबा किती वाजता आत, सगळ्याचे नियम. आमचं पहिलं पत्र कुरडयांवरून आलं. आईने इथलं ऊन बघितलं आणि तिचे डोळेच चमकले, असं ऊन वाया घालवायचं म्हणजे पाप. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, आणि समोरच्या ड्राइव्हवेवर पांढरी चादर अंथरून त्यावर कुरडया घातल्या, चार कोपऱ्यांना चार दगड. आठवड्याने पत्र, सोबत फोटो, "समोरच्या भागात अनधिकृत साहित्य". आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली फोटो चांगला आलाय, तुझ्या मावशीला पाठव. तसं इथून गावी फोन करणं सोपं, ॲरिझोनात घड्याळ मागेपुढे करत नाहीत, बारा महिने साडेबारा तासांचा फरक, सकाळी सातला लावला की तिकडे संध्याकाळचे साडेसात, जेवायच्या आधी सगळे घरात.

पण पत्रापेक्षा तिला दुःख वेगळंच झालं. हवा इतकी कोरडी की कुरडया दोन तासांत कडक झाल्या आणि निम्म्या तडकून तुकडे झाले, जळगावला असं कधी झालं नव्हतं. दुसरा घाणा तिने मागच्या पॅटिओवर सावलीत घातला, पत्राचाही प्रश्न नाही आणि कुरडया अख्ख्या. फक्त दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन आत यायला लागलं की धावत जाऊन चादर भिंतीकडे ओढायची, तेवढी ड्यूटी मला लागली.